दिवाळं काढायचंय? आधी पत्ता सांगा

आजचा भाग कर्जावर आहे, पण "कर्ज घेऊ नका" असं सांगणारा नाही. ते आईवडील सांगतातच. आज बोलूया कर्ज घेऊन झालंय, फेडणं हाताबाहेर गेलंय आणि रात्री झोप लागत नाहीये, अशा माणसाबद्दल. त्याला आपल्या देशात, आपल्या शहरात कायद्यानं "मी फेडू शकत नाही" असं म्हणता येतं का? आणि म्हटलं तर पुढं काय होतं?

हा विषय माझ्याकडं मित्रामुळं आला. कॉलेजचा रूममेट, पुण्यातच नोकरी. नाव सांगत नाही, त्याची परवानगी एवढ्याच अटीवर आहे. मागं एकदा त्याचा रात्री दीड वाजता मेसेज आला, "अरे, बँकरप्टसी कशी फाइल करतात?" मला वाटलं गंमत करतोय. फोन केला तर तो रडत होता.

झालं असं होतं. नोकरी गेली, पाच महिने घरी. घरी सांगितलं नाही. ईएमआय चालू ठेवायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला पर्सनल लोन, आणि सगळं एका फटक्यात भरून काढायला एफअँडओ. सेबीनं २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. माझा मित्र त्या ९३ मधला. मग लोन अ‍ॅप, एकाचं फेडायला दुसरं. नवीन नोकरी लागली तोपर्यंत पगाराच्या पहिल्याच दिवशी खातं रिकामं व्हायला लागलं होतं.

त्यानं आपण सगळे करतो तेच केलं, गूगल केलं. समोर आलं अमेरिकेतलं. चॅप्टर सेव्हन, चॅप्टर थर्टीन, फॉर्म भरा, काही महिन्यांत मोकळे व्हा. त्याला वाटलं असा फॉर्म आपल्याकडंही ऑनलाइन असेल. मलाही तसंच वाटलं होतं. आपण इंजिनिअर लोक, प्रत्येक गोष्टीला कुठंतरी पोर्टल असणारच असं धरून चालतो.

पोर्टल नाहीये. कायदा मात्र आहे.

त्या शनिवारी आम्ही शिवाजीनगरला जिल्हा कोर्टाजवळ एका वकील मॅडमकडं गेलो. ओळखीतून वेळ मिळाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही राहता कुठं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कर्ज किती, कुणाचं, हे विचारायचं सोडून पत्ता?

तर त्याचं कारण असं. आपल्याकडं व्यक्तीच्या दिवाळखोरीचे दोन जुने कायदे आहेत आणि तुम्ही कुठं राहता किंवा काम करता त्यावर तुमचा कायदा आणि कोर्ट ठरतं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन जुन्या इलाखा-शहरांसाठी १९०९ चा कायदा आहे. त्याखाली मुंबईतल्या माणसाला थेट मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. बाकी ठिकाणी १९२० चा कायदा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर कुठलेही असा, अर्ज तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा ज्या दिवाणी कोर्टाला तो अधिकार दिलाय तिथं. म्हणजे मुलुंडला राहणारा हायकोर्टात आणि खाडीपलीकडं ऐरोलीत राहणारा ठाण्याच्या कोर्टात. कायदे दोन, पण गाभा सारखाच आहे. मी पुढं १९२० च्या कायद्याबद्दल बोलणार आहे, कारण आम्हाला तोच लागू होता.

मराठीत कायद्याच्या भाषेत याला "नादारी" म्हणतात. आपल्या आजीआजोबांना हा शब्द शाळेतून माहीत असेल. फी माफ असलेल्या मुलाला "नादारी आहे" म्हणायचे. कोर्टाच्या कागदावर तुम्ही "नादार" ठरता. दिवाळखोर या शब्दात जी शिवी आहे ती या शब्दात नाही, आणि मित्राला तेवढ्यानंसुद्धा थोडं बरं वाटलं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, अरे, २०१६ चा नवीन इन्सॉल्व्हन्सी कायदा आहे ना? आयबीसी? आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्यांत त्याचंच नाव येतं. त्याच कायद्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहिलेला आहे. अगदी गरीब कर्जदारासाठी "फ्रेश स्टार्ट" नावाची सोय आहे, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफ होऊ शकणारं कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसेल तर. पण हा भाग सामान्य माणसासाठी लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त एका गटाला लागू झाला, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. म्हणजे कोड लिहून तयार आहे, डिप्लॉय झालेला नाही. आपण अजून शंभर वर्षांपूर्वीच्या व्हर्जनवर चालतोय.

आणि ते व्हर्जन किती जुनं आहे बघा. १९२० च्या कायद्यात अर्ज करायला किमान कर्ज लागतं ५०० रुपये. तेव्हाचे ५०० म्हणजे मोठी रक्कम होती. आता मित्राचं एका अ‍ॅपवरचं दिवसाचं लेट चार्जेससुद्धा त्याहून जास्त होतं.

मॅडमचा दुसरा प्रश्न: "तुमच्या नावावर काय काय आहे?"

मित्र म्हणाला, "बाइक, लॅपटॉप आणि पीएफ."

"गावाकडं?"

"गावाकडं जमीन आहे, पण ती आजोबांची."

"आजोबा आहेत?"

"नाही. वडील बघतात."

"वडिलोपार्जित म्हणजे. मग त्यात तुमचाही हिस्सा आहे."

इथं खोलीत एकदम शांतता झाली.

कारण नादारीचा व्यवहार असा आहे. अर्जात तुम्हाला सगळी कर्जं लिहावी लागतात, प्रत्येक देणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम. तशीच सगळी मालमत्ता किमतीसकट लिहावी लागते. देणेकऱ्यांना नोटीस जाते. कोर्टानं तुम्हाला नादार जाहीर केलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून देणेकऱ्यांत वाटतो. त्या बदल्यात देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वसुलीचा नवीन दावा लावू शकत नाहीत, आणि अटकेपासून संरक्षण मागता येतं. पुढं ठरलेल्या मुदतीत तुम्ही सुटकेचा अर्ज करायचा. कोर्टानं सुटका दिली की उरलेली बहुतेक देणी संपतात.

सगळंच जातं असं नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, पीएफ यांना हात लावता येत नाही. पण वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा या यादीत नाही. म्हणजे त्यानं पुण्यात अर्ज केला असता तर गावच्या सात-बारापर्यंत गोष्ट गेली असती. जी गोष्ट लपवायला त्यानं एवढं सगळं केलं, ती कोर्टाच्या कागदानंच घरी पोहोचली असती.

त्यानं लगेच विचारलं, "मी आत्ता बक्षीसपत्र करून माझा हिस्सा वडिलांच्या नावावर केला तर?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हे सगळेच विचारतात." अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता कुणाला मालमत्ता देऊन टाकली तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप देऊन त्याचंच फेडलं, बाकीच्यांना ठेंगा दाखवला, तर तेही उलटवता येतं. मालमत्ता लपवली तर गुन्हा, तुरुंगवास होऊ शकतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा नेमकं हेच करतो, गाडी बहिणीच्या नावावर, एफडी आईच्या नावावर. प्रामाणिक माणूस इथंच अप्रामाणिक ठरतो.

तिसरा प्रश्न: "कर्ज झालं कशानं?"

हा प्रश्न आम्हाला टोमणा वाटला होता. पण तो कायद्यातलाच आहे. सुटका देताना कोर्ट बघतं की माणूस बुडाला तो नशिबानं की बेफिकीर सट्ट्यानं, जुगारानं, न परवडणाऱ्या उधळपट्टीनं. देणेकऱ्यांना रुपयामागे आठ आणे तरी मिळतायत का, हेही बघितलं जातं. नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बुडाला, हे एक. एफअँडओ आणि बेटिंग, हे दुसरं. दुसऱ्यात सरळ, बिनशर्त सुटका मिळणं अवघड होतं.

मग काही देणी अशी की ती सुटकेनंतरही राहतात. सरकारी देणी, फसवणूक करून घेतलेलं कर्ज, पोटगी. तारण ठेवलेलं कर्ज असेल, म्हणजे होम लोन किंवा कार लोन, तर त्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची सुटका झाली तरी तुमच्या जामीनदाराची होत नाही. एज्युकेशन लोनला बाबांनी सही केली असेल तर बँक त्यांच्याकडं जाणार. नादारीचं संरक्षण दिवाणी वसुलीपुरतं असतं. चेक बाउन्सची केस फौजदारी आहे, ईएमआयचं ऑटो डेबिट बाउन्स झालं तरी तशीच केस होऊ शकते, दोन्हीत दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्या नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस उशीखाली ठेवायची नाही.

आणि सुटका होईपर्यंत? ५० रुपये किंवा जास्त उधार घ्यायचे तर "मी नादार आहे" असं आधी सांगावं लागतं, नाहीतर गुन्हा. हो, ५० रुपये. १९२० चा कायदा आहे. निवडणूक लढवता येत नाही. कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही, म्हणजे स्टार्टअपचं स्वप्न असेल तर तेही थांबलं.

हे ऐकून मित्र म्हणाला, "म्हणजे हा रस्ता बंदच आहे."

मॅडम म्हणाल्या, "बंद नाही. तुमच्यासाठी चुकीचा आहे."

त्यांचं म्हणणं मला पटलं, म्हणून तुम्हाला सांगतो. नादारी कुणासाठी? पाच-सात वर्षं पोटाला चिमटा काढूनसुद्धा जे फिटणार नाही एवढं कर्ज आहे, कोर्टाचा हुकूमनामा किंवा जप्ती दारात आली आहे, कर्ज दुर्दैवानं झालंय, हिशेब स्वच्छ आहेत, आणि लपवण्यासारखं काही नाही, अशा माणसासाठी. त्याच्यासाठी हा कायदा म्हणजे खरंच आधार आहे. वेळ लागतो, वकील लागतो, पण त्यात लाज नाही. ज्याचा पगार चालू आहे आणि वयाची तिशीही आली नाही, त्यानं आधी दुसरे रस्ते बघावेत.

पण दुसरे रस्ते बघायला त्याला सगळं कुणाला तरी सांगावं लागणार होतं. बँकेला आणि घरी.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या गावी गेलो. मी सोबत आलो कारण एकट्यानं गेलो तर बोलणार नाही असं तोच म्हणाला. जेवणं झाल्यावर त्यानं अण्णांना सांगितलं. अण्णा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग आत गेले आणि वही घेऊन आले. दूध डेअरीच्या हिशेबाची वही, मागची पानं कोरी होती. म्हणाले, "सांग. एकेकाचं नाव सांग, आकडा सांग."

गंमत म्हणजे कोर्टाच्या अर्जात जी यादी द्यावी लागते ती नेमकी हीच. कुणाचे, किती, कधीपासून, व्याज किती.

दोन क्रेडिट कार्डं मिळून ३,४०,०००. पर्सनल लोन ४,८०,०००. पाच अ‍ॅप्स मिळून १,३५,०००. मित्रांचे ८५,०००, त्यात माझेही होते. एकूण १०,४०,०००. तो सहा महिने "पंधरा-सोळा लाख असतील" असं धरून चालला होता. भीतीनं त्यानं कधी बेरीजच केली नव्हती.

अण्णा म्हणाले, "खालच्या अंगाचा तुकडा विकू."

इथं मला मॅडमचं वाक्य कामाला आलं. मुलाच्या विनातारण कर्जाला बाप जबाबदार नाही, बापानं हमीदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर. रिकव्हरीवाला फोनवर काहीही म्हणो. अण्णांची सही कुठंच नव्हती. म्हटलं, "अण्णा, जमीन राहू द्या. हा फेडेल. फक्त तुम्हाला फोन आला तर घाबरू नका." अण्णा म्हणाले, "फोन तर चार महिने येतायत. मला वाटलं फ्रॉड आहे."

चार महिने. बाप पोराला सांगत नव्हता आणि पोरगा बापाला.

मग आम्ही कामाला लागलो. काय केलं ते क्रमानं सांगतो, कुणाला उपयोग होईल.

पहिलं, नवीन कर्ज शून्य. एक फेडायला दुसरं घ्यायचं नाही, रिकव्हरीवाल्याला पुढच्या महिन्याचं काहीही खोटं वचन द्यायचं नाही.

दुसरं, कार्डाचं "मिनिमम ड्यू" भरत राहणं बंद. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. एका लाखावर महिन्याला ३,५०० व्याज, वर जीएसटी ६३०. पाच हजार मिनिमम भरले तरी मुद्दल हजाराच्या आतच कमी होतं. त्यानं बँकेला लेखी ईमेल केला, नोकरी गेल्याचं पत्र जोडलं आणि थकबाकीचे हप्ते करून मागितले. एका बँकेनं पहिल्याच पत्रात दिले, दुसरीनं तिसऱ्या पत्रात.

तिसरं, अ‍ॅप्स. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत एनबीएफसी कोण हे अ‍ॅपनं सांगावंच लागतं, आणि तुमचे कॉन्टॅक्ट्स, गॅलरी, कॉल लॉग उघडायचा त्याला अधिकार नाही. पाचपैकी दोघांच्या मागं कुणाचंच नाव सापडलं नाही. त्यांनी मित्राचे एडिट केलेले फोटो पाठवायची धमकी दिली होती. त्याची तक्रार १९३० वर आणि सायबर पोलिसांकडं केली.

चौथं, फोन. वसुली एजंटनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. रेकॉर्डिंग ठेवा. आधी बँकेकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. गावातल्या खासगी सावकाराकडून घेतलं असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडं.

पाचवं, सेटलमेंट. बँक कमी रकमेत मिटवायला तयार असेल तर आधी लेटरहेडवर पत्र घ्या, मगच पैसे भरा. आणि हे माहीत असू द्या की रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा येतो आणि पुढची बरीच वर्षं कर्ज मिळणं जड जातं. प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर तिथं फी नाही आणि निवाडा अंतिम असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, हेल्पलाइन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं वकील मोफत मिळतो.

आणि तुरुंगाची भीती. हा प्रश्न त्यानं मॅडमना सगळ्यात शेवटी, अगदी हळू आवाजात विचारला होता. नुसतं फेडता येत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. ऐपत असून मुद्दाम न देणारा वेगळा, ऐपतच नसणारा वेगळा. पगारावर जप्ती आली तरी सगळा पगार जात नाही. पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. ५२,००० पगार धरला तर जास्तीत जास्त १७,००० कापले जातील, आणि एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. वाईट आहे, पण जगता येतं.

आज त्याचे एकोणीस हप्ते बाकी आहेत. क्रेडिट स्कोर पार घसरलाय. बाइक विकली, बसनं ऑफिसला जातो. ट्रेडिंगचं अ‍ॅप त्यानं माझ्यासमोर डिलीट केलं, पुन्हा टाकलं नसेल अशी आशा आहे, मी विचारत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णांना फोन करतो, अण्णा वहीत एक रेघ मारतात. माझे पैसे यादीत सगळ्यात शेवटी आहेत आणि ते बरोबर आहे.

तुमच्यापैकी कुणी आत्ता हे हेडफोन लावून रात्री एकट्यानं ऐकत असेल, तर एवढंच करा. उद्या सकाळी कागद घ्या, नावं आणि आकडे लिहा, बेरीज करा. मग तो कागद एका माणसाला दाखवा. वकिलाला, बहिणीला, रूममेटला, कुणालाही. आणि मनात जीवाचं काही बरंवाईट करायचा विचार येत असेल तर कागद राहू द्या, आधी १४४१६ ला फोन करा. टेलि-मानस आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कर्जावर तोडगा निघतो. शंभर वर्षं जुना का असेना, त्यासाठी या देशात कायदासुद्धा आहे.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.